दुष्काळ ग्रामीण, विहीर दलित

पर्यावरणविषयक वृत्तलेखनात जातीचा प्रश्न उपस्थित केला की ‘अस्मितेचे राजकारण’ हा शब्दप्रयोग ठरल्याप्रमाणे पुढे येतो. पाण्याला जात नसते, झाडाला नसते, हवामानातील बदल तर सर्वांनाच गाठणार आहे. तेव्हा निदान या क्षेत्रात तरी ओळखींचे वाद नकोत, असा त्यामागचा सूर असतो. चर्चासत्रांतून, परिसंवादांतून आणि पत्रकार स्नेह्यांच्या खाजगी बोलण्यातूनही हा युक्तिवाद मी ऐकत आलो आहे. तो करणारे पुष्कळदा सद्भावी असतात, म्हणून त्याची तपासणी अधिक अवघड जाते. ती मला येथे परभणी जिल्ह्याच्या संदर्भात करावयाची आहे. आणि ती करताना वृत्तपत्रांबरोबर आपल्या मराठी समीक्षेचीही झडती घ्यावी लागेल असे दिसते.

वस्तुतः आपल्या वृत्तपत्रांतील पर्यावरण अस्मितेवाचून कधी आलेलेच नाही. मराठवाड्याच्या पाण्याची बातमी घ्यावी. ‘अनुशेष’ हा शब्द वि. म. दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर आपल्या सार्वजनिक भाषेत रुळला. घटनेच्या अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तरी तो शब्द टिकून आहे. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा वाद २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तरतुदीवर उभा आहे. प्राधिकरणाने २०१४ मध्ये त्याविषयी आदेश दिला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडावे, हे सूत्र आता आमच्याकडील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. हा लढा न्याय्य आहे आणि त्याविषयी तटस्थ असल्याचा आव मी आणणार नाही. परंतु ‘मराठवाड्याचे हक्काचे पाणी’ ही भाषा अस्मितेचीच भाषा होय. तिच्यात एक सामूहिक कर्ता आहे, त्याच्यावर झालेल्या अन्यायाचा इतिहास आहे, प्रतिपक्ष आहे. तिला मात्र अस्मितेचे राजकारण असे कोणी म्हणत नाही. प्रदेशाची अस्मिता वृत्तपत्रात ‘प्रश्न’ म्हणून येते. जातीची येते ती ‘राजकारण’ म्हणून.

या भेदाचे परिणाम साधे नाहीत. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा, आणि परभणी जिल्हा त्याच्या शेपटाकडचा. शेपटाला पाणी पोचत नाही ही बातमी दरवर्षी होते आणि व्हायलाच हवी. पण पाणी पोचले तरी ते लाभक्षेत्रातील जमिनीला पोचते. ज्याच्या नावे जमीनच नाही तो ‘मराठवाडा’ या सामूहिक कर्त्यात मोजला जातो, पाण्यात मोजला जात नाही. अनुशेषाची आकडेमोड जिल्ह्याशी येऊन थांबते. जिल्ह्याच्या पोटातील गाव, गावाच्या पोटातील वस्ती, हे तिचे क्षेत्रच नव्हे.

दुष्काळाच्या बातमीची भाषा बारकाईने पाहिली तर ही गोष्ट व्याकरणातच दिसून येते. ‘हंडाभर पाण्यासाठी वणवण’, ‘घोटभर पाण्यासाठी पायपीट’ अशी शीर्षके आपण वर्षानुवर्षे वाचतो. त्यांत क्रियापद नसते आणि कर्ताही नसतो. वणवण कोणाची, हे विचारण्याची सोय त्या रचनेत नाही. सोबतच्या छायाचित्रात डोक्यावर हंडा घेतलेली बाई असते. तिच्या नावाच्या जागी ‘मराठवाड्यातील एका गावात’ असे लिहिलेले असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली तेव्हा देशभरच्या वाहिन्यांनी ती दाखविली. पहिल्या खेपेस सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या वृत्तांकनाला नायक होता, प्रवास होता, ठरलेले स्थानक होते. म्हणजे कथानकाची सारी अंगे होती. स्थानकापासून पुढे टाकी, टाकीपासून टँकर, टँकरपासून एखाद्या विशिष्ट माणसाची घागर, हा पुढचा प्रवास मात्र कथानकाच्या बाहेर राहिला. ग्रामीण भागात टँकर बहुधा गावच्या विहिरीत रिता केला जातो. विहीर कोठे आहे, तिच्यावर पहिली कोण येते आणि कोणाला गढूळ तळाशी पोहरा सोडावा लागतो, हे गावाच्या रचनेने आधीच ठरवून ठेवलेले असते. ‘गाव तहानलेले आहे’ या वाक्यात ते सारे एका नामात मिटून जाते. (‘टंचाईसदृश परिस्थिती’ हा शासकीय समास ज्याने घडविला त्याच्या भाषाप्रभुत्वाला मात्र दाद द्यावीच लागेल. ‘सदृश’ या एका शब्दाने टंचाईलाही उपमान करून टाकले.)

येथे वृत्तपत्रांना दोष देऊन थांबणे आपल्याला सोयीचे आहे. परंतु हा खण वृत्तपत्रांनी पाडलेला नाही. त्यांच्याआधी तो साहित्यसमीक्षेने पाडला. दुष्काळ आला की ती कृती ‘ग्रामीण’ आणि विहीर आली की ‘दलित’, अशी वाटणी आपण आपल्या अभ्यासक्रमांतून, प्रबंधांच्या विषयांतून, वाङ्मयेतिहासाच्या खंडांतून इतकी पक्की केली आहे की दोन्ही ठिकाणी पाणी एकच आहे हे विद्यार्थ्याला सांगावे लागते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ची (१९५५) अखेर दुष्काळाने होते, वाडी उठते, माणसे मेंढरे घेऊन निघून जातात. ही धनगरांची वाडी आहे. पण आपण ती ‘माणदेशी’ म्हणून वाचतो, म्हणजे जातीचा प्रदेश करून वाचतो. वृत्तपत्राने भूमिहीनाचा मराठवाडा केला, त्यातलीच ही रीत. उलट प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका आपण ‘दलित रंगभूमी’ या घटकाखाली शिकवितो. तेथे प्रश्न सामाजिक ठरतो आणि पाणी प्रतीक बनते. एका कृतीतील जात प्रदेशात विरते, दुसरीतील पाणी प्रतीकात. दोन्ही कृती एका तासाला शेजारी ठेवून वाचण्याची मुभा आपली घटकवार विभागणी सहसा देत नाही.

मराठीत पाण्याविषयीच्या पत्रकारितेची वंशावळ लिहावयाची झाल्यास ती कोठून सुरू करावी? महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला आणि ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. सार्वजनिक जलसाठ्यावर कोणाचा अधिकार, स्थानिक संस्थेचा ठराव कागदावर असून तो अंमलात का येत नाही, पाण्याची ‘शुद्धी’ म्हणजे काय: या प्रश्नांची चर्चा त्या पाक्षिकात झाली. आज हेच प्रश्न एखाद्या नदीसंदर्भात आले तर ते ‘पर्यावरण’ या सदरात छापले जातील. १९२७ चे मात्र ‘समाजसुधारणा’ या खणात आहेत. महात्मा फुल्यांचेही तेच. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जमिनीची धूप, बंधारे, आणि जंगल खात्याने गावांची गायराने गिळल्याने गुराढोरांची झालेली दशा यांचे विवेचन आहे. ते १८८३ चे आहे. पर्यावरणाच्या आपल्या ग्रंथसूचीत त्याला जागा मिळायला पुष्कळ काळ लागला.

गायरानाचा उल्लेख आला आहे तर तेथे थोडे थांबावयास हवे, कारण परभणीत या विषयाचे सर्वांत कठीण उदाहरण तेच आहे. मराठवाड्यातील बहुतेक गावांत गायरान आहे. बहुधा बरड, हलकी जमीन. भूमिहीन दलितांनी, तसेच पारधी, भिल्ल आणि तांड्यांवरील बंजाऱ्यांनी तिचे तुकडे फोडून कसावयास घेतले, त्याला दोन-तीन पिढ्या होत आल्या. त्यामागे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांची परंपरा आहे. पुढे एकनाथ आवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी मराठवाड्यात जमीन अधिकाराची चळवळ बांधली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे ठरविले. ही तारीख योगायोगाची नसावी, तो डॉ. आंबेडकरांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभाचा दिवस. परंतु प्रतीकाच्या पातळीवर तारीख मान्य झाली तरी सातबाऱ्यावर नाव चढणे ही निराळी गोष्ट असते, आणि अनेकांच्या बाबतीत ती घडली नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या चुलत्यांकडे मी त्यांची कागदपत्रे पाहिली. गंगाखेड तालुक्यातील गोदाकाठचे गाव. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या पावत्या होत्या. अतिक्रमण केल्याबद्दल वेळोवेळी भरलेल्या दंडाच्या. त्यांच्यासोबत गाव नमुना १-ई या अतिक्रमणांच्या नोंदवहीचा उतारा. आणि वर्तमानपत्रांची दोन-तीन कात्रणे, ज्यांत या कुटुंबांचा उल्लेख ‘अतिक्रमणधारक’ असा होता. चुलते म्हणाले, “दंड घेतला सरकारनं, मंजे मी हितं हाव हे कबूल केलं का नाय? मग पेपरात बी तेच लिव्हलंय.” ज्या कागदाने त्यांना अपराधी ठरविले तोच त्यांच्या ताब्याचा एकमेव पुरावा आहे, ज्या शब्दाने बातमीने त्यांना गावाबाहेर काढले तोच त्यांच्या अस्तित्वाची दिनांकित नोंद आहे. संहितेचा अर्थ वाचकाच्या स्थानानुसार पालटतो, असे आपण पाश्चात्त्य मीमांसकांच्या आधाराने वर्गात शिकवितो. येथे तो पालटविल्यावाचून माणसाला जगताच येत नाही. त्या कात्रणांतील ‘अतिक्रमण’ हा शब्द त्यांनी जसा वाचला, तसा तो लिहिणाऱ्या वार्ताहराने वाचला नसेल.

आता याच जमिनीकडे पर्यावरणाच्या बातमीतून पाहावे. २०१९ च्या तेहतीस कोटी वृक्षलागवडीच्या मोहिमेचे वृत्तांत आकड्यांचे आणि उत्सवाचे होते. रोप लावण्यासाठी मोकळी जागा लागते आणि गावात ‘मोकळी’ म्हणून जी दाखविली जाते ती बहुधा गायरानच असते. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सौर प्रकल्पांसाठी शासकीय जमिनी, त्यांत गायरानेही, नाममात्र भाड्याने देण्यात येऊ लागली. सौरपटलांची बातमी ‘हरित ऊर्जा’ म्हणून एका पानावर येते. त्या जागेवरून उठवू नये म्हणून धरणे धरणाऱ्यांची ‘अतिक्रमणधारकांचा रास्ता रोको’ म्हणून दुसऱ्या पानावर. दोन्ही बातम्या खऱ्या असतात. त्या एकाच गट क्रमांकाच्या आहेत हे समजण्यासाठी वाचकाला तलाठी असावे लागेल.

न्यायालयीन वृत्तांचे असेच होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामायिक जमिनी वाचविण्याचा निर्णय दिला. तो पर्यावरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहेच. पण त्याच निर्णयात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासकीय अधिसूचनेने दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही नमूद आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल केलेल्या याचिकेत गायरानांवरील अतिक्रमणे वर्षअखेरीपर्यंत हटविण्यास सांगितले, आणि राज्यभरातील दोन लाखांहून अधिक अतिक्रमणांची संख्या ठळकपणे छापून आली. संख्या ठळक असते, अपवाद बारीक. मथळ्यात संख्याच मावते. त्या संख्येत धनदांडग्याचे व्यापारी गाळे किती, घरकुले किती आणि दोन एकर तूर पेरणारे किती, हे विचारल्याशिवाय ‘पर्यावरण विरुद्ध अतिक्रमण’ असा सामना लावता येतो, आणि तो लावला गेला.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. जमिनी खरडून गेल्या, सोयाबीन पाण्यात कुजले. या वेळी बातमीत शेतकरी भरपूर होता, त्याचे दुःखही खरे होते. पंचनामा हा खरे तर आपल्याकडील सर्वाधिक लिहिला जाणारा आपत्तीचा वृत्तांत. परंतु त्यातील पात्र होण्यासाठी खातेदार असावे लागते. ज्याचा सातबारा नाही त्याच्या शेतात शिरलेले पाणी पंचनाम्याच्या लेखी शेतात शिरलेलेच नसते. बातमी पंचनाम्यांच्या आकड्यांवर बेतली की तिच्यातूनही तो माणूस आपोआप वगळला जातो. यात कोणा बातमीदाराचा जातीय आकस असण्याची गरज पडत नाही. आधारसामग्रीच ते काम करते. म्हणून माध्यमांतील विषमतेची चर्चा बातमीदारांच्या मनोवृत्तीभोवती फिरवत ठेवणे मला अपुरे वाटते.

बातमीदाराची परिस्थितीही ध्यानात घ्यावी. तालुक्याचा वार्ताहर हा पुष्कळदा त्याच दैनिकाचा विक्रेता आणि जाहिराती गोळा करणाराही असतो. मानधन नाममात्र, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या पुरवण्यांवर त्याचे वर्ष निघते. गायरानावरील उभ्या पिकांत कोणी जनावरे सोडली हे त्याला माहीत असते. ती ज्यांची होती त्यांच्याच शुभेच्छांची अर्ध्या पानाची जाहिरात पुढच्या आठवड्यात यावयाची असते. त्यातून जिल्हा आवृत्त्यांची व्यवस्था अशी की परभणीच्या पानावरचे हिंगोलीत दिसत नाही, मुंबईत तर नाहीच. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. वाहिन्यांची कार्यालये जवळ होती. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबविली. त्या वृत्तांकनाचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु आरेतील पाड्यांवरचे वारली त्यात मुख्यतः वनाचे रक्षणकर्ते म्हणून, चित्रकलेसकट आले. त्यांचे स्वतःचे जमिनीचे दावे त्या मानाने मागे राहिले. म्हणजे अस्मिता सुशोभित असेल तर पर्यावरणाला चालते. ती कागद मागू लागली की अडचण होते.

आता दुसरी बाजू. एक पर्यावरणवादी मित्र मला विचारतात: गायराने सगळीच नांगरली गेली तर गावाची सामायिक जमीन उरणार कोठे? भूमिहीनाची शेळी कोठे चरणार? माळरानाचे पक्षी, काळविटे यांनी जावे कोठे? हा आक्षेप ‘ब्राह्मणी पर्यावरणवाद’ असे लेबल लावून मोडीत काढण्याची आमच्यातील काहींची प्रवृत्ती आहे. ती मला मान्य नाही. चळवळीच्या नियतकालिकांतूनही गायरान पुष्कळदा निव्वळ हक्काचे आणि स्वाभिमानाचे चिन्ह म्हणून आले. त्या मातीचा कस, तिच्यावरचे पाणी, गवत यांची चर्चा तेथे मागे पडली. शिवाय मेंढपाळाचे काय? मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगराला कसलेले गायरान म्हणजे बंद झालेली वाट. गायरानाचा तंटा पेटला की बातमीत हा धनगर ‘ग्रामस्थ’ होतो, ‘गाव विरुद्ध अतिक्रमणधारक’ या सामन्यात गावाच्या बाजूला उभा केला जातो. एरवी त्याच गावात त्याची गणना किती होते हे त्यालाच ठाऊक. दोघांच्या गरजांमधील खरा विरोध यामुळे झाकला जातो, आणि ज्यांच्याकडे काळी, ओलिताची जमीन आहे ते या सामन्यात कोठेच दिसत नाहीत. अस्मितांचा उच्चार करू नये म्हणणाऱ्यांना माझे उत्तर हेच राहील की या प्रसंगी तो पुरेसा बारकाईने झालेला नाही.

हे सर्व एका बातमीत येऊ शकेल काय? कथेत येऊ शकते. परभणीतच राहून वृत्तपत्रात काम करणारे आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; त्यांच्या कथांतील गाव हे एकसंध नाम कधीच नसते, सत्तेच्या आणि जातीच्या थरांनी ते चिरफाळलेले असते. एकच लेखक दोन्ही लेखनप्रकार हाताळतो, तेव्हा प्रकाराच्या मर्यादा आणि लेखकाच्या मर्यादा वेगळ्या करून पाहण्याची संधी समीक्षेला मिळते. ती आपण घेतल्याचे मला आढळले नाही.

माध्यमलेखनाच्या अभ्यासपत्रिकेसाठी मी विद्यार्थ्यांना गायरानाच्या तंट्याची एकच बातमी निरनिराळ्या जागांवरून लिहावयास सांगतो. मागील वर्षी त्या गंगाखेडच्या मुलाने पावत्यांवरून लिहिले. जिंतूरकडच्या एका मुलीने, तिच्या घरी मेंढरे आहेत, चराईच्या वाटेवरून लिहिले. दोघांनी एकमेकांचे लेखन वर्गात वाचून दाखविले. आवाज थोडे चढले. त्याने ‘कसणारा’ हा शब्द वापरला होता. तिचे म्हणणे, मग आम्हालाही ‘चारणारा’ म्हणा, ‘ग्रामस्थ’ नको. नावांवर एकमत झाले, जमिनीवर झाले नाही. शेवटी दोन्ही मिळून एकच बातमी करून पाहू असे ठरले आणि जिल्हा पानाची मर्यादा म्हणून मी दीडशे शब्द दिले. त्यांची पहिली ओळ, गावाचे नाव आणि दोघांच्या मागण्या धरून, ऐंशी शब्दांची झाली. तीतून काय गाळावे यावर वाद चालू असतानाच तासाची घंटा झाली.